खुडूक कोंबडी आणि माझी ‘पोकळी’

माझ्या ‘पोकळी’ या शिल्पाला मुंबईच्या प्रदर्शनात जागा मिळाली आणि त्याच आठवड्यात आमच्या कोंबडीला त्या शिल्पात जागा मिळाली.

त्याआधी मी पावसला घरामागच्या शेडमध्ये निमूटपणे कप, बरण्या आणि दह्याच्या सटी करत होते. माझ्या कपांचे कान निखळत नाहीत, अशी पंचक्रोशीत ख्याती होती. मग मी एका शिबिराला गेले आणि मला कळलं, की मी भांडी करतच नाही, माती माझ्यातून व्यक्त होते! झालं. कप बंद. खूप खपून मी मोठ्या पोटाचा, एका बाजूला तोंड उघडलेला एक घुमट भाजून काढला. सासूबाईंनी तो चहूबाजूंनी न्याहाळला.

“ह्यात काय ठेवायचं?”

“काही नाही, आई. ही कला आहे. नुसती पाहायची.”

त्यांनी आत डोकावलं. “आत तर काळोख हाय गो.”

निवडीची बातमी आल्यावर मी हवेतच होते. वाटेत टिचू नये म्हणून मी स्वतःच्या हातांनी ‘पोकळी’त मऊ पेंढा भरला, ती शेडमध्ये उघड्या पेटीत ठेवली आणि ही बातमी सांगायला माहेरी केळशीला गेले. (फोनवर सांगता आली असती, पण फोनवर लोकांचे चेहरे दिसत नाहीत.) परत येऊन पाहते तो आतून कोंबडी माझ्याकडे बघतेय.

“खुडूक झाली होती,” सासूबाई म्हणाल्या, “म्हणून अंडी ठेवून बसवली. वारा लागत नाय, मुंगूस शिरत नाय. बरं केलंस हो.”

“आई, उद्या टेम्पो येणार आहे!”

“मग पेंढा कशाला भरलास?”

मी नवऱ्याला हाक मारली.

माझा नवरा समजूतदार आहे. (म्हणजे तो दोन्हीकडे मान डोलावतो.) त्याने अंडी टोपलीत हलवली, कोंबडीलाही वर बसवलं. कोंबडी उठली, त्याच्या मनगटाला चोच मारली आणि रिकाम्या ‘पोकळी’त जाऊन बसली. अंडी टोपलीत गार पडू लागली. सासूबाई माझ्याकडे पाहत राहिल्या. मीच मुकाट्याने अंडी परत आत ठेवली.

सकाळी टेम्पोवाला आला. त्याने वाकून पाहिलं.

“ताई, मला शिल्प सांगितलंय. कोंबडीचं कोण काय बोललं नाय.”

मी प्रदर्शनवाल्या बाईंना फोन लावला.

“कोंबडी हा कलाकृतीचाच भाग आहे का?” त्यांनी गंभीरपणे विचारलं. (एक क्षण मी ‘हो’ म्हणणार होते.)

“नाही. ती खरीच बसली आहे. पिल्लं निघेपर्यंत थांबाल का?”

“मग थांबता येणार नाही हो. इथे लोक एका शिल्पापाशी अर्धं मिनिट थांबले तरी खूप, पण शिल्प तर हवं ना!”

टेम्पो रिकामा गेला. मला वाईट वाटलं, चांगलं रडूही आलं. पण पिल्लं निघायच्या दिवशी ‘पोकळी’ला कान लावून बसले, आतून चिवचिव ऐकू आली आणि मी सगळं विसरले.

कोंबडी तीन आठवडे माझ्या शिल्पात बसली. इतका वेळ माझ्या कलेला दुसऱ्या कुणीच दिलेला नाही. पिल्लं घेऊन बाहेर पडली ती मात्र तडक उकिरड्याकडे गेली, एकदाही मागे वळून न बघता!