डिंकाची चकती

प्रयोगशाळेतल्या दाबयंत्रातून चकती काढताना मी श्वास रोखून धरते. मिठासारख्या पांढऱ्या भुकटीत डिंक घोटून केलेली ती नखाएवढी चकती तोंडाच्या वाफेनेही ओल धरते, आणि मग तपासणी यंत्राच्या पडद्यावरच्या रेषेत डिंकाऐवजी पाणीच बोलत बसतं. आज धाकधूक जास्त होती. मी पुण्याला निघताना आईने मेळघाटातल्या धावड्याचा डिंक बांधून दिला होता, त्याची ही शेवटची चिमूट.

"अहो ताई, श्वास घ्या! चकतीआधी तुम्हीच फुटाल," डिंकावर संशोधन करणाऱ्या आमच्या मॅडम हसल्या.

चकती काचेसारखी निघाली. तिच्यातून मला मॅडमची टिकली दिसली.

मग डोळ्यांना न दिसणारा, उबेसारखा प्रकाश तिच्यातून गेला आणि पडद्यावर रेषेच्या डोंगरदऱ्या उमटू लागल्या. डिंकात साखरेचे कण एकमेकांचे हात धरून असतात, असं मॅडम सांगतात. प्रत्येक जोड आपल्या ठेक्यात थरथरतो, आणि त्या थरथरीवरूनच कोण कुणाशी कसं जोडलंय ते कळतं.

सातवीत शाळा सुटलेल्या मला एवढं कळलं तरी खूप झालं. मी तर कशानेही थरथरते. साहेबांच्या हाकेने, आईच्या फोनने, कुणी मायेने चहा पुढे केला तरी. हा आपला भित्रेपणाच, असं वाटायचं. पण जोडलेलंच थरथरत असेल, तर माझे जोड बरेच आहेत म्हणायचे.

"सुरेख आली! तुमच्या रानाचा ठसाच हा. आईंना कळवा," मॅडम म्हणाल्या.

मी लगेच फोन लावला. आवाज कापत होता, आणि आज मी तो खुशाल कापू दिला.