परण्यातली लाल गाडी

ताडकळसला भाच्याचं लग्न होतं. नवरदेवाच्या परण्याला, म्हणजे लग्नाआधीच्या मिरवणुकीला, घोडा नको, स्पोर्ट्स कार हवी, हा हट्ट मामा म्हणून माझाच. पुण्याहून लाल गाडी आणवली आणि भर उन्हात दोन तास डीजेच्या मागे मुंगीच्या चालीनं सरकवली. मारुतीच्या देवळापाशी गाडीतून वाफ उसळली. लोकांना वाटलं, डीजेवाल्यानंच धूर सोडला. ते आणखी जोरात नाचायला लागले. ड्रायव्हर कंपनीला फोन लावत बसला.

गर्दीतून एक पाहुणा पुढं आला. फवारणीचे पंप दुरुस्त करतो, एवढंच कळलं. गाडी निवेपर्यंत त्यानं कुणाला हात लावू दिला नाही. शांतपणे तंबाखू मळत राहिला. मग स्वतःच्या फेट्याच्या शेमल्यानं कूलंटचा पाइप पुसला. दोन पाइप जोडणारा प्लॅस्टिकचा तुकडा तुटला होता. त्यानं मोटारसायकलच्या डिकीतून पंपाची पितळी नळी आणली, कापून तिथं बसवली, दोन्हीकडून क्लिपा आवळल्या आणि पाणी भरलं.

"मामा," तो म्हणाला, "ही पळायची गाडी हाय. तुमी हिला नाचायला आणली. आता हिला वारं लागू द्या."

मुहूर्त जवळ आला होता. ड्रायव्हरनं बाजूच्या गल्लीतून गाडी काढली आणि नवरदेवाला दोन मिनिटांत मांडवात पोचवलं.

परण्या मात्र देवळापाशी नाचतच राहिला. नवरदेव निघून गेल्याचं कुणाच्याच ध्यानात आलं नाही. आणि त्या पंपवाल्याला जेवायला बसवायचं राहिलं, हे माझ्याही.