डावा कौल

कुणी सल्ला विचारायला आलं की जॉबरमामा आधी डोक्यावरची टोपी काढायचे, उताणी करून मांडीवर ठेवायचे आणि म्हणायचे, "हे बघा, डोस्कं काढून ठिवलं. आता तिला इचारू."

तिला म्हणजे मरगुबाईला. कबनूरला आमच्या गल्लीच्या टोकाला, ओढ्याच्या अलीकडे तिचं लहानसं देऊळ आहे. तिथे कौल लावतात. गुरव देवीच्या दोन्ही खांद्यांवर फुलाची एकेक ओली पाकळी चिकटवतो. आपण प्रश्न मोठ्यानं सांगायचा आणि हात जोडून उभं राहायचं. उजवी पाकळी आधी पडली तर हो, डावी पडली तर नाही. कधी दोन मिनिटांत पडते, कधी तासभर लागतो.

ते जॉबर होते, म्हणजे बिघडलेले माग दुरुस्त करणारे. माझे वडील ज्या कारखान्यात माग चालवतात तिथेच. सगळे त्यांना जॉबरमामा म्हणायचे, मीही. बायको लवकर गेली, मूलबाळ नव्हतं, म्हणून संध्याकाळचं जेवण आमच्याकडे असायचं. मला ते नावानं कधीच हाक मारत नसत. "काय कॉलेज, आज सुट्टी?" असं विचारायचे. आमच्या घरातून कॉलेजला गेलेला मी पहिलाच.

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील, ज्यांची अक्कल सगळ्यांना दिसते आणि त्यांना स्वतःलाच तिचा भरवसा नसतो. मामा मागाच्या चौकटीवर तळवा ठेवून आडवं सूत नेणारा धोटा कुठे अडतोय ते सांगायचे. त्यामुळे लोक त्यांना मुलीचं स्थळ, जागेचा वाद, असलं सगळं विचारायला येत. मग ती टोपी निघायची. कारखान्याचे मालक एकदा चिडून म्हणाले, "डोस्कं काढून ठिवल्यावर तुमच्याकडं ऱ्हायलं काय, जॉबर?"

"पाना ऱ्हायलाय की," मामा म्हणाले, आणि मागाखाली शिरले.

मागाबद्दल ते देवीला कधी विचारत नसत. "ते डोळ्याला दिसतंय. तिला कशाला तरास?" असं म्हणायचे. पण मोबाईल घ्यायचा का, हे मात्र त्यांनी विचारलं होतं. कौल डावा आला. मग कितीतरी वर्षं त्यांचे फोन माझ्या वडिलांच्या मोबाईलवर यायचे आणि आई वैतागायची.

"एवढ्याशा गोष्टीला कशाला इचारायचं, मामा?" मी म्हणालो होतो.

"मला लई घ्यावा वाटत हुता. म्हणून तर इचारलं," ते म्हणाले. "आपल्याला जे पायजे असतंय, तितंच डोस्कं लबाडी करतंय."

माझ्या कॉलेजचंही असंच झालं. बारावीनंतर वडिलांना कळेना, मला पुढे शिकवावं की कामाला लावावं. त्यांनी मामांना विचारलं. मामा मंगळवारी देवळात जाऊन आले आणि आमच्या उंबऱ्यावर बसले. चहा घेतला नाही. म्हणाले, "उजवा दिला. शिकू द्या." मग थोड्या वेळानं माझ्याकडे न बघता म्हणाले, "मला वाटत हुतं ह्यो माझ्या हाताखाली येईल. हात चांगला हाय ह्येचा. पर तिनं उजवा दिला."

ते खोटं बोलू शकले असते. देवळात त्यांच्याबरोबर कुणीच नव्हतं.

मी कोल्हापूरला हॉस्टेलवर राहून बी. एस्सी. करत होतो. दुसऱ्या वर्षाला असताना मामांना दम लागायला लागला. जिना चढता येईना. तपासण्या झाल्या आणि त्यांना कोल्हापुरातल्या एका दवाखान्यात ठेवलं. वडिलांना रोज पाळी सोडून येता येत नव्हतं, म्हणून मी असायचो.

डॉक्टर माझ्याशीच बोलले. हृदयाची एक झडप आकसली होती. ती बदलायची, पण मामांचं वय आणि किडनीची अवस्था बघता ऑपरेशनमध्ये धोका होता. नाही केलं तर फार दिवस नव्हते. "तुम्ही शिकलेले आहात, तुम्हाला कळतंय ना मी काय म्हणतोय?" त्यांनी विचारलं. मला रिपोर्टमधलं निम्मं कळत नव्हतं. मी मान हलवली.

मामांना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मंगळवारी गावाकडं जा. आंघोळ करून जा. मरगुबाईला इचार, ऑपरेशन करू का म्हणून. उजवा दिला तर करूया."

मी गेलो. सकाळी आठ वाजले असतील. गुरवानं पाकळ्या चिकटवल्या आणि तो बाहेर नळावर कळशी भरायला गेला. मी प्रश्न सांगितला. माझा आवाज मलाच मोठा वाटला. मी हात जोडून पुरते डोळेही मिटले नव्हते, तेवढ्यात डावी पाकळी पडली.

गुरव आत आला तेव्हा मी देवळाबाहेर चपला घालत होतो. कोल्हापूरच्या बसमध्ये मी एकच विचार करत होतो. एक पाकळी ओली असते, वाळते आणि पडते. तिच्यावर माणूस मरू द्यायचा? मी विज्ञान शिकत होतो. मला वाटलं, मी शिकलो ते याचसाठी.

"उजवा दिला," मी मामांना सांगितलं.

 त्यांनी हात जोडले आणि ते कुशीवर वळून झोपले. आठवडाभर त्यांना नीट झोप नव्हती. त्या दुपारी ते लहान मुलासारखे झोपले.

पुढचे दोन दिवस ते असेच होते. शेजारच्या खाटेवरचा कागलचा म्हातारा घाबरून रडायचा, तर मामा त्याला म्हणायचे, "पावणं, मला बघा. माझी झडपच बदलाय लागल्यात. मागाचं सामान बदलत्यात तसं. आन् मी निवांत हाय, कारण मला वरनं परवानगी आलीया." म्हातारा हसायचा. नर्स हसायची. मी बाहेर जाऊन जिन्यात बसायचो.

हे कसं सांगावं मला कळत नाही. ते घाबरले असते तर मी गप्प राहिलो असतो. पण ते निवांत होते, आणि तो निवांतपणा माझ्या खोट्यावर उभा होता. ते देवीवर भरवसा ठेवत होते आणि मध्ये मी होतो.

ऑपरेशनच्या आदल्या दुपारी ते मुगाची खिचडी खात होते. मी म्हणालो, "मामा, कौल डावा आलता."

चमचा थांबला. त्यांनी तो ताटलीत ठेवला.

"किती येळानं पडली?"

"लगेच."

"वारा हुता?"

"न्हवता."

"गुरव?"

"बाहेर गेलता. मी एकटाच."

माग तपासताना एकेक गोष्ट बघत जायचे, तसेच ते विचारत होते. मग म्हणाले, "आणि तू उजवा म्हणालास."

"व्हय."

"का रं?"

"मला वाटलं…"

"तुला वाटलं," ते म्हणाले. रागानं नाही. मग ताटली बाजूला सरकवली. "माझी कापडं दे."

डॉक्टर माझ्यावर ओरडले. तुम्ही शिकलेले ना, समजवा त्यांना, म्हणाले. मी समजावलं. खरंच समजावलं. म्हणालो, "मामा, देव डॉक्टरच्या हातानंबी काम करतोय की."

"करतोय की. मी कुठं न्हाई म्हणतोय?" ते शर्टाची बटणं लावत होते. "पर मी तिला इचारलंवतं. इचारून मग ऐकायचं न्हाई, ह्येला काय अर्थ? न्हाईतर इचारायचंच न्हाई."

आपल्या जबाबदारीवर घरी जात असल्याच्या कागदावर त्यांनी सही केली. सावकाश, पूर्ण नाव. मग कागलच्या म्हाताऱ्याला म्हणाले, "जातो पावणं. परवानगी वाचाय चूक झालती." ती चूक कुणाची, हे त्यांनी सांगितलं नाही. पुढे गावातही कधी सांगितलं नाही.

बसमध्ये ते खिडकीशी बसले होते. हातकणंगले मागे पडलं. मग ते म्हणाले, "तुझं काय चुकलं सांगू? खोटं बोललास ते न्हवं. ते तू सांगितलंस, मिटलं. तू एकट्यानं उचलाय गेलास. येवढं जड एकट्यानं उचलायचं नसतंय, कॉलेज."

मी म्हणालो, "तुम्हाला भ्या वाटत न्हाई?"

"वाटतंय की. लई वाटतंय," ते म्हणाले. "ते बी तिलाच सांगणार."

त्यानंतर मामा सात महिने होते. औषधं वेळेवर घ्यायचे, कारण गोळ्यांना देवीनं नाही म्हटलं नव्हतं. हळू चालायचे. कारखान्यात जाऊन बसायचे आणि बसल्या जागेवरून इतरांना दुरुस्ती सांगायचे. मी सुट्टीला गेलो की आमच्याकडे जेवायला असायचे. आमच्या दोघांत काही बदललं नाही. ते मला पहिल्यासारखे चिडवायचे. बदललं ते माझ्यात, आणि काय बदललं ते मला अजून सांगता येत नाही. मी अभ्यास करायचो, जेवायचो, झोपायचो. सगळं जमत होतं.

फोन आला तेव्हा मी प्रॅक्टिकलला होतो. वडील म्हणाले, "मामा गेलं." मी बरं म्हणालो. ब्युरेटचं रीडिंग वहीत लिहिलं, हात धुतले, सरांना सांगितलं आणि बसस्टँडवर गेलो. रडू आलं नाही. अजूनही आलेलं नाही.

दहाव्याला कारखान्यातले लोक मला बाजूला घेऊन विचारत होते, "तू शिकलेला हाईस. ऑपरेशन केलं असतं तर जगलं असतं का रं?" मी म्हणालो, माहीत नाही. ते खरंच होतं. ऑपरेशनच्या टेबलावरच गेले असते, किंवा अजून वीस वर्षं आमच्याकडे जेवले असते. मी खोटं पुढे चालू ठेवलं असतं तर काय झालं असतं, हेही माहीत नाही. पूर्वी असं काही अडलं की मी विचार करत बसायचो. आता विचार तिथपर्यंत जातो आणि थांबतो. मामा म्हणायचे तसं तिच्यावर सोडावं, असं वाटतं. पण मला ते येत नाही. कुणी शिकवलं तर शिकायची तयारी आहे. शिकवणारा माणूस गेला.

ते कसे गेले हे वडिलांनी मला एकदाच सांगितलं. दुपारी मामा कारखान्यात भिंतीकडेला कापडाच्या ताग्यांवर आडवे झाले होते. आमच्याकडची माणसं मागांच्या आवाजात झोपतात आणि आवाज थांबला की जागी होतात. सव्वातीनला वीज गेली. सगळे माग थांबले. मामा उठले नाहीत. तेव्हा सगळे त्यांच्याकडे धावले, आणि धावण्याच्या नादात कुणी बटणं बंद केली नाहीत. थोड्या वेळानं वीज आली. त्यांच्याभोवती माणसं उभी असतानाच सगळे माग एकदम सुरू झाले.

वडील एकेक माग बंद करत गेले. शेवटच्या मागाचं बटण मामांच्या उशाशी भिंतीवर होतं.

"तितं हात न्हेताना हळूच न्हेला," वडील म्हणाले. "जाग येईल म्हणून."