अरुंद कमानीचं खोगीर

घोडेगावच्या बाजारात मला कुणी फसवलं असं सांगणारा माणूस अजून भेटायचा आहे. दुसऱ्यांच्या बैलांना पाणी पाजत मी हा धंदा शिकलो. शिकवायला कुणी नव्हतं. चुकलं की त्या दिवशी भाकर नाही, एवढीच शाळा. पुढे बैल, म्हशी, शेळ्या, काय म्हणाल ते मी घेतलं आणि विकलं. फसलो तो बाजाराबाहेर, नगरच्या एका दुकानात, आणि तेही एका चामड्याच्या वस्तूपायी. दुकानदाराने मला फसवलं नाही. ज्याने फसवलं तो माझ्या बाजूने उभा होता.

तो माझा भागीदार. घोडदळात नोकरी करून गावी परतलेला. घोड्यावर बसला की हा माणूस एरवी चालतो कशाला, असं वाटायचं. बाजारात भाव तोंडाने बोलत नाहीत. रुमालाखाली हातात हात घालून बोटांनी बोलतात. माझा हात समोरच्याच्या हातात असायचा तेव्हा हा जनावराभोवती एक फेरी मारायचा. त्याने टोपी मागे सारली की घ्यायचं. उपरण्याने तोंड पुसलं की सोडायचं, मग जनावर कितीही देखणं असो. भागी ठरली तेव्हा खंडोबापुढे दोघांनी बेल-भंडारा उचलला होता, की खूण कधी खोटी करायची नाही. धंद्यात बाकी सगळं खोटं चालतं. खूण चालत नाही.

बहात्तरच्या दुष्काळाच्या आदल्या वर्षी मी बाजारात एक घोडा घेतला. राखाडी रंगाचा, बुटका, आणि छाती-खांद्याला इतका रुंद की लोक हसले. "बैलाला लगाम घातलाय का वो?" असं एकाने विचारलंही. मी तो टांग्यासाठी घेतला होता. पण दुसऱ्याच दिवशी सकाळी पाहतो तर गडी माझ्या घासाच्या वाफ्यात उभा. वाफ्याभोवती छातीइतका उंच दगडी बांध. फाटक बंद. एकही दगड हललेला नव्हता.

भागीदाराला बोलावलं. त्याने घोडा बांधाबाहेर नेला, उघड्या पाठीवर बसला, आणि बांधावरून आत आला. पुन्हा बाहेर गेला, पुन्हा आत आला. उतरला तेव्हा त्याचे डोळे पाणावले होते.

"गड्या, ह्यो टांग्याचा न्हाई," तो म्हणाला. "ह्याच्यात मला अर्धा वाटा दे."

मी नाही म्हणालो. बैलांत भागी, म्हशींत भागी, पण हा माझा एकट्याचा. त्याने पुन्हा बाजारात, चारचौघांत तेच काढलं तेव्हा माझं तोंड सुटलं. "घोड्यावर बसायला शिपाई लागतो," मी म्हणालो, "पर मालक व्हायला काळीज लागतं." लोक हसले. तोही हसला. बाजारात याहून वाईट बोलतात आणि संध्याकाळी एकत्र चहा पितात. आम्हीही प्यायलो.

त्या साली पावसाने हुलकावणी दिली. घासाचा वाफा वाळला. घरात रोज एकच विषय.

"अवो, बैलाला कडबा न्हाई आन तुमी घोडा पोसताय," बायको म्हणायची. "लेकरावानी हाय म्हना, पर लेकरू निदान भाकर तरी खातंय."

तिचं खरं होतं. घोडा ठेवायचा तर त्याची वैरण दुसऱ्या कुणीतरी घालायला हवी होती. तशी एक वाट निघाली. हिवाळ्यात नगरच्या एका मैदानावर घोड्यांच्या उड्यांच्या शर्यती व्हायच्या, त्यात बाहेरच्यांनाही भाग घेता येई. पुण्याच्या एका घोडेस्वारीच्या क्लबाचे निवृत्त मेजर तिथे यायचे. घोडा नजरेत भरला तर क्लब तो आपल्या तबेल्यात ठेवायचा, खाऊ घालायचा, नाव मालकाचंच राहायचं. मी त्यांना भेटून आलो. "आधी उडी पाहू," ते म्हणाले, "आणि खोगीर उडीचं आणा. तुमचं ते गावठी नको."

तर खोगीर. नगरला कॅम्पाच्या बाजूला जुन्या लष्करी सामानाचं एक दुकान होतं. बूट, कंबरपट्टे, पाण्याच्या बाटल्या, आणि मागच्या खोलीत घोड्यांचं सामान. घोडा दुकानाबाहेर लिंबाला बांधला आणि आम्ही आत गेलो. उडीची खोगिरं दोनच होती. दोन्हींचे बाजूला लोंबणारे चामड्याचे पाखे पुढे आलेले, कारण उडी मारताना स्वार पाय ठेवायच्या रिकिबी आखूड करतो आणि त्याचा गुडघा पुढे जातो. एक तांबूस, तेल पिऊन चमकणारं, शिवण नवीन. दुसरं काळपट, खरचटलेलं, एका पाख्यावर ठिगळ. पण त्याची पुढची कमान, म्हणजे खोगिराच्या आतला सांगाडा घोड्याच्या खांद्यांवर जिथे बसतो ती कमान, चांगली ऐसपैस होती.

दोन्ही बाहेर नेऊन घोड्यावर ठेवून पाहिली. मला खोगिरातलं काही कळत नव्हतं, पण हाताला कळतं. काळं ठेवलं तेव्हा ते पाठीवर निवांत बसलं. खांद्यापाशी आत हात घातला तर सहज गेला. तांबूस ठेवलं तर ते पुढून उचलल्यासारखं दिसलं, आणि हात घातला तर बोटं अडकली.

"मला काळं बरं वाटतंय," मी म्हणालो.

"शेठ, काळं म्हातारं आहे," दुकानदार म्हणाला. त्याला तांबूस खपवायचं होतं, ते त्याचं काम. "त्यावर बसून जाल आणि लोक विचारतील, घोड्यात पैसे संपले, खोगिराला उरले नाहीत का?"

मी भागीदाराकडे पाहिलं. त्याने काळ्या खोगिराभोवती फेरी मारली. वाकून खाली पाहिलं. मग उपरण्याचं टोक घेतलं आणि सावकाश तोंड पुसलं. तांबूस खोगिराशी आला आणि टोपी मागे सारली.

मी तांबूस घेतलं. दुकानदाराशी तासभर भांडून घेतलं, त्याला घाम फोडला, आणि जिंकल्यासारखा बाहेर पडलो. रस्त्यात मी विचारलंही, "आरं, पर बोटं अडकत हुती की."

"तू बैलवाला हायस ना?" तो म्हणाला. "नवं जू पहिल्या दिशी बैलाला रुततं का न्हाई? मग घट्टा पडतो, आन मान तयार हुती. तसंच हाय ह्ये. रुळंल."

हे मला पटलं. मला पटेल तेच तो बोलला होता. बैलाच्या मानेला घट्टा पडतो हे मी हजार वेळा पाहिलेलं. घोड्याचा खांदा बैलासारखा नसतो, पुढचा पाय उचलला की त्याचं फऱ्याचं हाड मागे सरकतं आणि खोगिराला जागा नसेल तर तिथेच चेपतं, हे मला कोण सांगणार? ज्याला ठाऊक होतं तोच मला जुवाची गोष्ट सांगत होता.

रोज सकाळी तो घोडा फिरवून आणायचा. खोगीर काढलं की सगळी पाठ घामाने भिजलेली असायची, फक्त खांद्यामागे दोन्ही बाजूंना तळहाताएवढे दोन डाग कोरडे.

"तितं घाम का न्हाई?" मी विचारलं.

"तितं भार न्हाई म्हनून. खोगीर हलकं बसलंय."

मी मान डोलावली. घरी बायकोलाही ऐटीत दाखवलं. ती म्हणाली, "मंग हात लावला की पाठ का चोरतोय?" मी तिला गप्प बसवलं.

मैदानावर शर्यतीच्या दिवशी भागीदार घोड्यावर बसला. पहिला अडथळा घोड्याने पार केला, पण कान मागे टाकून. दुसऱ्यापाशी आला आणि पुढचे पाय रोवून उभा राहिला. वळवून आणला, पुन्हा उभा राहिला. तिसऱ्यांदा त्याने मान खाली घातली आणि बाजूने निघून गेला. लोक हसले. माझ्या घासाच्या बांधाएवढीसुद्धा उंची नव्हती त्या अडथळ्याला.

मेजर माझ्याकडे आले. "घोडा दिसायला चांगला आहे," ते म्हणाले, "पण मनाने उडणारा नाही. अशाला तबेल्यात ठेवून आम्ही काय करू?" मी वाद घातला, आवाज चढवला. ते नमस्कार करून निघून गेले. भागीदार घोडा घेऊन लांब उभा होता, मान खाली घालून. मला वाटलं, त्यालाही वाईट वाटतंय.

उन्हाळ्यात कडबा मिळेनासा झाला. भागीदारच म्हणाला, "राहुरीकडं माज्या वळखीचा एक बागायतदार हाय. पाटाचं पानी हाय, हिरवं हाय. घोडं जगंल तरी. पाठीवरचं खोगीरबी देऊन टाक, कशाला ठेवतोस?" तो बागायतदार आला. रुमालाखाली त्याचा हात माझ्या हातात होता आणि भागीदार त्याच्या मागे, माझ्या समोर उभा होता. भागीदाराने टोपी मागे सारली, म्हणजे सौदा करायचा. मी हात सोडला आणि घोडा गेला. आयुष्यात पहिल्यांदा मी एखादं जनावर जास्त ओढाताण न करता दिलं, कारण ते जगावं एवढंच मला हवं होतं.

दुसऱ्या वर्षी तर पाऊस आलाच नाही. बैल चारा छावणीत, माणसं खडी फोडायला रस्त्यावर. बाजारात जनावरं मातीमोल. धंदा नव्हता, म्हणून हिवाळ्यात मी नगरला त्या मैदानावर नुसता पाहायला गेलो. भागीदार महिनाभर दिसला नव्हता. आजारी असल्याचं कळलं होतं.

झाडाखाली माझा राखाडी घोडा उभा होता. त्याच्या पाठीवर ते काळं, ठिगळाचं खोगीर होतं, आणि भागीदार रिकिबी आखूड करत होता.

मी जवळ गेलो. खांद्यामागे, जिथे ते कोरडे डाग असायचे तिथे, राखाडीत पांढऱ्या केसांचे दोन ठिपके उगवले होते. चेपलेल्या जागी केस पांढरे येतात.

"बागायतदार कुटं हाय तुजा?" मी विचारलं.

तो दचकला नाही. "माजा मावसभाव हाय त्यो," म्हणाला. "माज्यासाठीच घेतला हुता त्यानं."

"आन ह्ये खोगीर?"

"तवाच बाजूला काढून ठिवाया सांगितलं हुतं दुकानदाराला."

"बेल-भंडारा उचलला हुतास तू! खूण खोटी केलीस!"

"हळू बोल. लोकं बघत्यात."

"बघू दे की! तोंड पुसलंस ना? आता फास तोंडाला काळं!"

"अर्धा मागितला हुता," तो म्हणाला. आवाज अजिबात चढला नाही, त्यानेच मी जास्त जळलो. "निम्मा वाटा. नुसतं न्हाई म्हनला असतास तरी चाललं असतं. चारचौघांत शिपाई म्हनालास. आन तुजा हात सांगत हुता ना, काळं बरं म्हून? मंग हाताचं ऐकायचं हुतं."

"हात माजा हुता, पर इश्वास तुज्यावर हुता, हरामखोरा!"

मी त्याच्या गळ्यातलं उपरणं धरलं. तेवढ्यात मेजर आले. त्यांनी मला ओळखलं. एकदा माझ्याकडे, एकदा उपरण्याकडे पाहिलं.

"हा मागच्या वर्षी तुमचा होता ना?" ते म्हणाले. "सकाळी सरावात पाहिला. पाखरासारखा उडतो. आम्ही आज पुण्याला न्यायचं ठरवलंय. पण आमचा एक नियम आहे. ज्या घोड्याच्या व्यवहारात वाद असेल तो आम्ही तबेल्यात घेत नाही. मागे एकदा पोलीस आले होते दारात. तुमची काही तक्रार आहे का?"

भागीदाराच्या अंगणात गवताची काडी नव्हती आणि राहुरीचा पाटही त्या साली आटला होता, हे मला ठाऊक होतं. माझ्याही नव्हती. मी 'आहे' म्हणालो असतो तर घोडा त्याचा राहिला नसता आणि माझाही झाला नसता. त्या साली पुण्याच्या तबेल्याखेरीज त्याला फक्त बाजाराची वाट होती, आणि त्या साली बाजारातून जनावरं कुठे जात होती हे माझ्यापेक्षा जास्त कुणाला माहीत असणार?

भागीदाराचा चेहरा पांढरा पडला होता. घोडा लगाम चावत होता.

"माझी काही तक्रार नाही," मी म्हणालो आणि उपरणं सोडलं.

मेजर गेले. भागीदाराने माझ्या कोपराला हात लावला. "गड्या," एवढंच म्हणाला. मी तो हात असा झटकला की त्याची टोपी खाली पडली. ती त्याने उचलली नाही. त्याच्या घोड्याची पाळी आली होती.

मी उड्या पाहायला थांबलो नाही. मैदानाचं फाटक ओलांडून रस्त्याला लागलो तेव्हा मागून टाळ्या ऐकू आल्या, मग पुन्हा आल्या. मी वळलो नाही. घरी बायकोने विचारलं, घोडा दिसला का. दिसला, म्हटलं. कसा हाय? चांगला हाय, म्हटलं. ती समाधानाने चुलीकडे वळली.

भागी त्याच दिवशी मोडली. पुढे त्याने दोनदा माणसं मध्ये घालून समेट करायचा प्रयत्न केला, आणि गावात सगळे म्हणत, एवढा जुना दोस्त, एका घोड्यावरून काय धरून बसलास? त्यांना वाटतं भांडण घोड्याचं होतं. घोडा जगला, चांगला जगला, त्यात माझं काही म्हणणं नाही. पण तो माझ्या गप्प बसण्यावर जगला, आणि मालक म्हणून त्याच्यापुढे त्या माणसाचं नाव लागलं. हे मी त्याला माफ केलेलं नाही, आणि करायचं कारणही मला अजून सापडलेलं नाही.