सीटवर पट्टा बांधलेलं पोतं

फेब्रुवारीतला दुसरा शनिवार. पथारीवर, म्हणजे मिरची वाळवायच्या आमच्या मैदानावर, शेवटचा ढीग आवरून पोती भरायची होती. बाकीच्या बाया लग्नाला गेलेल्या, त्यामुळे मी आणि गेंदीबाई, दोघीच.

माझ्या धाकट्या दिरांइतका संशयी माणूस अख्ख्या नंदुरबार जिल्ह्यात दुसरा नसेल. मी स्वतः काही भोळी नाही. ओली मिरची वाळली म्हणून गळ्यात मारणाऱ्यांचे चेहरे वाचण्यात माझं अर्धं आयुष्य गेलं आहे. तरीही भाऊंपुढे मी हात टेकते. बिस्किटाचा पुडा फोडला की ते आधी मोजतात, मग खातात. लग्नपत्रिका आली की नवरदेवाच्या बापाला फोन करतात, ‘‘पत्रिका तुम्हीच धाडेल शे ना?’’ एकदा डॉक्टर त्यांचा रक्तदाब बघायला निघाले, तर यंत्र खरं बोलतं का हे कळावं म्हणून भाऊंनी आधी डॉक्टरांचाच रक्तदाब मोजायला लावला. तो जास्त निघाला. पुढची पाच मिनिटं भाऊ डॉक्टरांना मीठ कमी करायला सांगत होते. त्यांच्या दोन्ही मनगटांवर घड्याळं असतात आणि त्या दोघांतलं खोटं कोण हे ठरवायला तिसरं खिशात. हे तिसरं घड्याळ ते कोणाच्या हातात देत नाहीत. बायकोच्याही नाही.

असा माणूस पुरुषोत्तमनगरच्या साखर कारखान्यात बावीस वर्षं फिटर आहे. तिथे त्यांच्या संशयाला मान आहे, कारण त्यांनी दोनदा तपासलेला नट सुटत नाही. घरात मात्र त्या गुणाला काही काम नव्हतं, आणि रिकामा संशय वाईट. मागच्या दिवाळीला ते सुरतेहून एक स्पोर्ट्स कार घेऊन आले. जुनी, पिवळी, दोन माणसांची, जमिनीला घासेल इतकी बुटकी. गल्लीत तिचं नाव लगेच ‘चप्पल’ पडलं. माझ्या जावेने, म्हणजे त्यांच्या बायकोने, तिच्याभोवती एक फेरी मारली आणि विचारलं, ‘‘बाकीनी गाडी कधी येई?’’ भाऊ म्हणाले, हलकेपणातच तिची ताकद आहे. वजन फक्त सात क्विंटल. म्हणजे आमच्या वाळल्या मिरचीची चौदा-पंधरा पोती.

मग सायलेन्सरांचं सुरू झालं. गाडीसोबत आलेला कंपनीचा सायलेन्सर इंजिनाचा श्वास कोंडतो, असा भाऊंना संशय आला. बाजारात मिळणारे भारी सायलेन्सर खरंच गाडी पळवतात की नुसता आवाज करतात, असाही आला. म्हणून एक सुरतेहून आणला. तो सुरू झाला की पथारीवरची कुत्री थेट रेल्वे रुळापर्यंत जायची. दुसरा पार्सलने मागवला, त्याच्या खोक्यावर आग ओकणारा प्राणी होता. अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय उचलला की तो फटाक्यांसारखा फुटायचा आणि देठं खुडणाऱ्या बाया एका आवाजात शिव्या द्यायच्या. तिसरा भाऊंनी स्वतः केला. स्टीलचा पाइप भंगारातून निवडला, वाकवला, वेल्ड केला, आणि जोडांवरून बोट फिरवत महिनाभर त्याच्याकडे बाळंतिणीसारखे बघत बसले.

चाचणी दर रविवारी, पहाटे, तोरणमाळच्या घाटात. तोच चढ, त्याच दोन दगडांमधला. एका रविवारी एकच सायलेन्सर. पेट्रोल मापून, टायरची हवा तीन गेजांनी बघून. गाडी इतकी हलकी की शेजारी कोण बसलं यानेही सेकंद बदलतात, म्हणून शेजारच्या सीटवर दर वेळी नेमकं तेवढंच वजन हवं होतं. माझी जाऊ हौसेने साडी बदलून आली. भाऊंनी तिला नाही म्हटलं.

‘‘माणूसना काय भरोसा?’’ ते म्हणाले. ‘‘आज जेवना, उद्या उपास. पोतं इमानदार शे.’’

आणि त्यांनी आमच्या ताज्या, लाल मिरचीचं एक पोतं मोजून भरलं. नेमकं साठ किलो. सीटवर बसवलं, वर पट्टा बांधला. जाऊ दोन दिवस बोलली नाही.

घाटाच्या पायथ्याशी एका पोलिसाने गाडी अडवली. पोत्यात काय, त्याने विचारलं. ‘‘वजन,’’ भाऊ म्हणाले. कशाचं? ‘‘शेजारना माणूसनं.’’ पोलिसाने चार पावलं मागे जाऊन साहेबाला फोन लावला. मग नाकाला रुमाल न लावता पोत्यात हात घातला आणि शिंकत शिंकतच भाऊंना जायची खूण केली. पण भाऊ हलेनात. पोलिसाने मिरची काढून तर घेतली नाही ना, याची खात्री त्यांना आधी करायची होती.

तीच मिरची पुढच्या रविवारी हवी, पण पोत्यात ठेवली तर सडेल. म्हणून पथारीच्या कोपऱ्यात भाऊंनी चुन्याची रेघ मारली, चारी बाजूंनी दोरी बांधली आणि ती मिरची आत पसरली. कोणी शिवायचं नाही. शनिवारी सगळी गोळा करून गेंदीबाईने पोत्यात भरायची आणि गाडीत ठेवायची. एकही मिरची इकडची तिकडे होऊ नये म्हणून ते संध्याकाळी कामावरून आले की आधी तिथे जायचे. आम्हा बायांवरही त्यांचा संशय होता. मिरचीवर तेवढा नव्हता.

रविवारी जेवताना भाऊ आपल्या वहीतले आकडे ऐकवायचे. कंपनीच्या सायलेन्सरपेक्षा सुरतेच्या सायलेन्सरने सहा सेकंद वाचवले. त्यापेक्षा पार्सलवाल्याने तीन. आणि भाऊंच्या स्वतःच्या पाइपाने सगळ्यांवर आणखी एक. हे सांगताना त्यांच्या हातातला घास तसाच राहिला. बावीस वर्षांत मी त्यांना शीळ घालताना ऐकलं नव्हतं, त्या आठवड्यात ऐकलं. मला मात्र ते आकडे खटकत होते. सहा, तीन, एक. असं काहीतरी मी कुठेतरी बघितलेलं आहे, पण गाडीत नाही, एवढंच कळत होतं.

गुरुवारी जाऊ माझ्याकडे आली. भाऊंनी राजीनामा लिहून डब्याच्या पिशवीत ठेवला होता. सोमवारी द्यायचा. नोकरी सोडून सायलेन्सर बनवायचं दुकान टाकणार.

‘‘ताई, बावीस सालनी नोकरी शे,’’ ती म्हणाली. ‘‘तुम्ही तरी बोला ना त्यास्ले.’’

पण त्यांनी सगळं तपासलं होतं.

तर तो शनिवार. गेंदीबाई धडगावकडची, दरवर्षी हंगामाला येते, कामाला वाघीण. रविवारी भाऊंना आपला पाइप आणखी एकदा तपासायचा होता, म्हणून त्यांचं पोतं भरून ती गाडीकडे निघाली ती चक्क एका काखेत घेऊन.

मी म्हटलं, ‘‘अगं, कंबर मोडशील.’’

‘‘नही बाई,’’ ती हसली. ‘‘पहिले दोन जनी लागेत. आते मी एकलीच उचलस.’’

मी हातातलं काम टाकलं. पोत्यातून एक मिरची काढून कानाशी हलवली. खुळखुळ वाजली. ओली मिरची मुकी असते, बी वाजायला लागलं की समजायचं पाणी गेलं. आणि पाणी कसं जातं, हे मी रोज काट्यावर बघते. आधी भराभर, मग कमी, मग अगदी थोडं. सहा, तीन, एक.

खरं सांगते, दोन मिनिटं मी गप्प बसायचा विचार केला. त्या शिळेसाठी. मग मला डब्याची पिशवी आठवली.

भाऊ आले तेव्हा उजेड होता. मी म्हटलं, ‘‘भाऊ, पोतं काट्यावर ठेवा.’’

‘‘साठ शे,’’ ते म्हणाले.

‘‘ठेवा तर.’’

काटा अठरावर थांबला. भाऊंनी काटा झटकला, पोतं उतरवून पुन्हा ठेवलं, स्वतः चढून बघितलं, मलाही चढवलं. काटा बरोबर होता. मी ती मिरची त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती कानाशी धरून हलवली. इतके आठवडे सायलेन्सर ऐकणारा माणूस मिरचीच्या व्यापाऱ्याच्या घरात जन्मून पहिल्यांदा मिरची ऐकत होता. रांगणाऱ्या पोरालाही आमच्याकडे जे माहीत असतं ते त्यांनाही माहीत होतंच. पण त्यांच्यासाठी ती मिरची नव्हतीच, शेजारचा माणूस होती.

‘‘म्हंजे पाइप नही,’’ ते म्हणाले, ‘‘मिरची पळी ऱ्हायनी व्हती.’’

कोणी हसलं नाही. गेंदीबाईसुद्धा. भाऊंनी गाडीखाली वाकून आपल्या पाइपाच्या जोडावरून एकदा बोट फिरवलं आणि घरात गेले. थोड्या वेळाने जाऊ डब्याची पिशवी घेऊन आली. आतलं पाकीट मी न वाचता काट्याच्या पेटीत टाकून कुलूप लावलं. तो पाइप वाईट होता असं कोणी म्हणत नव्हतं. चांगला होता, असं मात्र अजून कळलेलं नव्हतं.

जगातल्या प्रत्येक वस्तूवर अविश्वास ठेवणाऱ्या माणसाने एका वस्तूवर विश्वास टाकला, आणि तीच त्याच्या डोळ्यांदेखत वाळत गेली. हे काही बरं झालं नाही, असं मला रात्री जेवताना वाटत राहिलं. त्यांनी चपात्याही मोजल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी उठले, काट्यावर उभी राहिले आणि आकडा त्यांच्या वहीत लिहिला. बासष्ट. भाऊ उशिरा उठून अंगणात आले, तेव्हा मी गाडीत शेजारच्या सीटवर बसले होते.

‘‘कंपनीचा सायलेन्सर चढवा,’’ मी म्हटलं. ‘‘पहिल्यापासून. चार रविवार मी येते. दर वेळी हीच साडी, हीच शाल, आणि निघायच्या आधी काटा.’’

त्यांनी मला डोक्यापासून पायापर्यंत निरखून बघितलं. पोत्याकडे असं कधी बघितलं नव्हतं.

‘‘चहा लिधा का?’’

‘‘अर्धा कप.’’

ते त्यांनी वहीत लिहून घेतलं. मग पाने आणले, गाडीखाली शिरले, तासाभराने काळे हात घेऊन बाहेर आले. स्टीअरिंगमागे बसल्यावर त्यांनी खिशातलं तिसरं घड्याळ काढलं, चष्मा पुसावा तसं शर्टाने पुसलं आणि माझ्या हातावर ठेवलं.

मी पट्टा ओढून घेतला, घड्याळावर मूठ बंद केली आणि म्हटलं, ‘‘चला.’’