ओसरीवरचे बाबा

बाबा परत आले त्या आठवड्यात मी वर्गात एक ग्रीक महाकाव्य शिकवत होते. लढाईवर गेलेला राजा वीस वर्षांनी घरी येतो, त्याची गोष्ट. याला योगायोग म्हणायला मी तयार नाही. ते महाकाव्य दरवर्षी होळीच्या सुमारासच येतं, कारण अभ्यासक्रमात ते शेवटी आहे. बाबा मात्र दरवर्षी येत नव्हते. ते गेले तेव्हा मी जळगाव जामोदच्या कॉलेजात नुकती दाखल झाले होते, आणि ते आले तेव्हा तिथेच शिकवत होते. मधल्या काळात त्यांचं ना पत्र ना फोन.

राजाचं एक ठीक होतं. त्याला यायचं होतं आणि समुद्र येऊ देत नव्हता. बाबा बुऱ्हाणपूरला होते, कापडाच्या लूमवर कामाला, हे ते आल्यावर कळलं. सकाळच्या बसने निघालं तर दुपारचं जेवण घरी होतं. वाटेत समुद्र नाही, राक्षस नाही, फार तर बस बदलावी लागते.

जाण्याआधीचे बाबा मला नीट आठवतात. भाजीत मीठ कमी पडलं की ताट अंगणात जायचं. तोंडाने काही बोलायचे नाहीत, सरळ भिरकावायचे. आई मुकाट्याने ताट उचलून आणायची, अंगण झाडायची आणि दुसरं वाढायची. एक दिवस तिने उचललं नाही. "तुमीच उचला," म्हणाली. बाबा चप्पल घालून निघून गेले. आम्हाला वाटलं, चौकात गेले असतील.

मग आईने अंगणवाडीच्या नोकरीवर मला शिकवलं, जुन्या मातीच्या खोलीच्या जागी दोन पक्क्या खोल्या बांधल्या, पुढे ओसरी काढली. त्या ओसरीच्या पायरीपाशी बाबा पिशवी घेऊन उभे राहिले तेव्हा आईने त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"ओसरीवर राहा," ती म्हणाली. "आंब्याचे दिवस संपले का सांगतो मी, घरात घ्याचं का नाही ते."

बाबा म्हणाले, "तू म्हनशीन तसं."

माझ्या मनात तिथेच पाल चुकचुकली. हा माणूस असं बोलणारा नव्हता.

माझा स्वभाव आधीच संशयी, त्यात असं निमित्त मिळालं. ते आंघोळीला गेले की मी त्यांची पिशवी चाचपायची. मला वाटायचं की दवाखान्याचे कागद सापडतील. म्हातारपणी दुखणं निघालं की कित्येक पुरुषांना बायको आठवते, हे आमच्या आळीतच पाहिलेलं. कागद नव्हते. दोन सदरे, दाढीचं सामान, एक जुनी शाल. मग वाटलं, बुऱ्हाणपुरात काही भानगड करून आलेत. ते फोनवर हळू आवाजात बोलायला लागले की मी खिडकीशी जाऊन उभी राहायची. पलीकडून लूमवरचाच कोणी असायचा आणि बोलणं उन्हाचं नाहीतर गुडघ्याचं असायचं. तरीही माझं समाधान होईना. एकदा मी तोंडावरच विचारलं, "बाबा, काऊन आले तुम्ही?"

"आठवन आली," ते म्हणाले आणि लसूण सोलत बसले. आठवण इतकी उशिरा कशी आली, हे विचारायचं राहूनच गेलं.

वर्गात तेव्हा परीक्षेची तयारी चालली होती. नायकाच्या स्वभावात कसकसा बदल होतो, हा ठरलेला प्रश्न. गाईडमधलं उत्तर मुलांना पाठ असतं. सुरुवातीला नायक घमेंडी आहे. आंधळ्या केलेल्या राक्षसाच्या तावडीतून सुटल्यावर गप्प निघून जावं, तर हा नावेतून स्वतःचं नाव ओरडून सांगतो आणि त्यापायी वर्षानुवर्षं भोगतो. शेवटी तोच भिकाऱ्याच्या वेशात स्वतःच्या घरात बसतो, त्याच्या बायकोवर डोळा ठेवून घरात ठाण मांडलेले लोक त्याला चौरंग फेकून मारतात, तरी तो चकार शब्द काढत नाही. म्हणजे तो संयम शिकला. मीही इतकी वर्षं हेच सांगत होते.

त्या वर्षी मात्र माझी जीभ अडली. संयम कसला? तो गप्प बसून कोणाकोणाला मारायचं ते मनाशी ठरवत होता. दारं बंद झाली, धनुष्य हातात आलं, आणि त्याने घरात रक्ताचा सडा घातला. नाव ओरडणारा आणि गप्प बसणारा, दोन्ही एकच माणूस. फक्त दुसऱ्यांदा तो संधीची वाट पाहायला शिकला होता. आणि असाच एक गप्प माणूस आमच्या ओसरीवर लसूण सोलत बसला होता.

आईला हे काही मी सांगितलं नाही. तिची तपासणी वेगळीच चालली होती. आल्यापासून ती अधूनमधून बाबांच्या वाटीत बिनमिठाची भाजी वाढायची. आमच्या भाजीत मीठ असायचं, त्यांची तेवढी आधी काढून ठेवायची. बाबा शेवटच्या घासापर्यंत खायचे आणि ताटली स्वतः विसळून ठेवायचे.

"बघ, खाल्लं," मी एकदा म्हणाले. खरं तर तिने यावर काय म्हणावं ते मला ऐकायचं होतं.

"ओसरीवरचा मानूस काहीबी खाते," आई म्हणाली. "गरज हाय त्याले. गरज सरल्यावर पाहू."

त्या महाकाव्यातली राणीही परत आलेल्या नवऱ्याची परीक्षा घेते. हा तोच आहे ना, एवढंच तिला पाहायचं असतं. माझ्या आईला नेमकं उलटं हवं होतं. हा तोच तर नाही ना?

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, गेली, आंबे भरात येऊन सरत आले. आमच्याकडे या दिवसांत नात्यातल्या माणसांना रसाचं जेवण देतात. आईने आत्याला, म्हणजे बाबांच्या बहिणीला, घरच्या सगळ्यांसकट बोलावलं. आणि त्या दिवशी सकाळी ती बाबांना म्हणाली, "आज आत बसा. घरधनी म्हनून बसा." पहिलं ताट तिने त्यांचं वाढलं. बाबा भिंतीला टेकून, सगळ्यांच्या मधोमध, पूर्वीच्याच ऐटीत बसले. पण स्वयंपाकघरात एक लहान पातेलं वेगळं काढलेलं मी पाहिलं होतं.

रस, कुरडया, पोळ्या आणि पाटवडीचा रस्सा. आत्या रश्श्याची तारीफ करायला लागली. बाबांनी घास बुडवून तोंडात घातला आणि त्यांचा हात थांबला. त्यांनी आत्याकडे पाहिलं, तिच्या यजमानांकडे पाहिलं, सगळे भुरके मारत होते. मग आईकडे पाहिलं. त्यांना समजलं, हे मला दिसलं. इतक्या दिवसांची प्रत्येक वाटी त्यांना त्या क्षणी समजली असावी. अंगणाकडचं दार उघडं होतं. आई पोळीचं ताट हातात धरून उभी होती आणि मी मनात म्हणत होते, आता धनुष्य उचलतील.

"माह्या वाटीत मीठ नाही पडलं वाटते," बाबा म्हणाले. "थोडं दे बरं."

आईने मीठ दिलं. त्यांनी चिमूटभर घेतलं, ढवळलं, आणि आत्याच्या यजमानांना कपाशीचं विचारू लागले. मला एकदम हलकं वाटलं. मुकाट्याने गिळणाऱ्याच्या मनात काय साठतंय ते कळत नाही. मागणाऱ्याचं कळतं. माझा संशय गेला असं म्हणत नाही, पण त्या दुपारी पहिल्यांदा मला वाटलं की मला वडील आहेत.

पाहुणे चार वाजता गेले. बाबा आपणहून ओसरीवर जाऊन बसले. आई बाहेर गेली आणि त्यांच्या शेजारी पायरीवर टेकली. मी दारात उभी होते.

"तुमी बदलले," आई म्हणाली. "पटलं मले."

बाबांचा चेहरा खुलला. ते उठून पिशवी आत आणायला निघाले.

"बसा," आई म्हणाली. "मीबी बदललो न. तुमी होते तवा मी कान उघडे ठेवून झोपो. कधी उठसान, काय फेकसान. तुमी गेले अन् दोन वर्षांनी मले पुरी झोप लागली. आता तुमी काही करनार नाही, मले समजते. पर घरात तुमी असले का मी जागीच राहीन. हे आंग आता माह्यं ऐकत नाही."

बाबा परत खाली बसले. मला आईचा राग आला. इतके दिवस पिशवी चाचपणारी मी, पण त्या वेळी म्हणावंसं वाटलं की आता तरी घे त्यांना. मी बोलले नाही, कारण रात्री जागी राहणार होती ती.

"मंग?" बाबांनी विचारलं.

"गावात खोली पाहा. जेवाले येत जा. राहाले नाही."

"हाव," बाबा म्हणाले. "आज येऊ?"

"या."

ते खोली बघायला गेले आणि दिवेलागणीला जेवायला आले. दार उघडंच होतं. तरी त्यांनी कडी वाजवली आणि आई आतून 'या' म्हणेपर्यंत बाहेर उभे राहिले.