बिनछपराचा विहार

बेसा भागातल्या अरुंधतीताईंच्या फ्लॅटमध्ये तुळसाबाई गेली सात-आठ वर्षं स्वयंपाक करतात. त्या घरच्या हॉलमध्ये एक मोठी फ्रेम होती. ताई आणि साहेब विलायतेत होते तेव्हा हौसेनं घेतलेला फोटो. उंच दगडी कमानी, वर छप्पर नाही, खिडक्यांतून आरपार आभाळ, आणि जिथे माणसं बसत असतील तिथे गुडघाभर गवत. इतकी वर्षं त्याच्याकडे कोणी ढुंकून पाहिलं नव्हतं. मग एक वास्तुतज्ज्ञ आले आणि त्यांनी ठरवून टाकलं की घरातली सगळी पीडा या पडक्या इमारतीमुळे आहे. साहेबांची ॲसिडिटीसुद्धा.

"घेऊन जा तुळसाबाई," अरुंधतीताई म्हणाल्या. "फ्रेम चांगली आहे. आतला फोटो काढून दुसरा लावा."

"पण हे हाय कायचं, ताई?"

"जुना मठ आहे. आठशे वर्षांपूर्वी तिथे भिक्षू राहायचे."

भिक्षू म्हटल्यावर तुळसाबाईंना पुढे काही विचारायची गरजच उरली नाही. धम्म साऱ्या जगात गेला हे त्या लहानपणापासून ऐकत आल्या होत्या. मग विलायतेनंच काय घोडं मारलं होतं? ऑटोत मांडीवर धरून त्यांनी तो विहार घरी आणला आणि बुद्धाच्या नि बाबासाहेबांच्या तसबिरीशेजारी लावला.

घर तसं भरलेलं होतं. मुलगा विक्की मिहानमधल्या एका कंपनीत पाळीवर जायचा, सून माया एका दवाखान्यात रिसेप्शनला. दोघंही गुणी, पण घरी आली की मान मोबाइलात. नवरा, देवराव, होते तोवर तुळसाबाई जेवताना सारा दिवस त्यांच्यापुढे ओतायच्या. लिफ्ट बंद होती, फोडणी करपली, पाठ भरून आली, सगळं. देवराव गेले आणि सांगायचं ते पोटात साचायला लागलं. आता त्या संध्याकाळी मेणबत्ती लावून या फोटोपुढे बसू लागल्या आणि हळू आवाजात बोलू लागल्या. कमानीमागे कोणीतरी शांत बसून ऐकतं आहे, असं त्यांना खरंच वाटायचं. हसणाऱ्यांनी खुशाल हसावं.

असं वर्ष गेलं. पावसाळ्यातला वर्षावास लागला, तशा वस्तीतल्या बायका रोज एकीच्या घरी ग्रंथवाचनाला जमू लागल्या. तुळसाबाईंची पाळी आली त्या दिवशी सासूच्या विहाराचं नाव बायकांना सांगावं म्हणून मायानं मोबाइलवर त्या फ्रेमचा फोटो घेतला आणि इंटरनेटवर शोधला.

"आई, हा विहार नाही हो. चर्चवाल्यायचा मठ हाय, इंग्लंडातला. येशूचे साधू राहत होते इथं."

तुळसाबाईंना वडील आठवले. छप्पन्न साली त्यांच्या वडिलांनी दीक्षा घेतली, आणि घरी येताच सारे देव टोपलीत भरून बाहेर काढले. आता दुसऱ्या कोणापुढे हात जोडायचे नाहीत, हे त्यांनी मरेपर्यंत पोरांना बजावलं. आणि त्यांच्याच लेकीनं वर्षभर दुसऱ्या धर्मापुढे मेणबत्त्या जाळल्या! त्यांनी फ्रेम उतरवली आणि कपाटामागे सारली.

बायका आल्या. वाचन नेहमीप्रमाणे पार्वतीबाईंनी केलं. सत्तरीची बाई, आवाज खणखणीत, आणि चूक दिसली की तोंडावर बोलणार. वंदना झाली, वाचन झालं, खीर वाटली गेली. कोणी काही विचारलं नव्हतं. सगळं निभावून गेलं असतं. पण तुळसाबाईंनी खिरीची वाटी खाली ठेवली.

"पार्वतीबाई, माह्याकडून लय मोठी चूक झाली," त्या म्हणाल्या, आणि फ्रेम बाहेर काढून त्यांनी सगळं सांगून टाकलं. कोपऱ्यातली एक जण फिस्सकन हसली.

पार्वतीबाईंनी चष्मा सावरून फोटो नीट पाहिला. "यात देव कुठं हाय वं?"

"देव नाही. पण जागा तं त्यायचीच ना? माह्या बापानं शब्द देल्ला होता. मी मोडला."

"काय मागतलं तू याच्यापाशी?"

"मागतलं काहीच नाही."

"मंग रोज बसून करत काय होती?"

तुळसाबाईंनी मायाकडे पाहिलं आणि लगेच नजर खाली घेतली. "बोलत होती. दिवसभराचं. हे गेल्यापासून कोणाशी बोलू मी?"

मायाच्या हातातला मोबाइल मांडीवर पालथा पडला.

पार्वतीबाईंनी फ्रेम मायाच्या हातात दिली. "समोरच्या भिंतीवर लाव वं पोरी. तसबिरीजवळ नको. चांगला फोटो हाय, राहू दे." मग त्या तुळसाबाईंकडे वळल्या. आता चांगली खरडपट्टी निघणार म्हणून सगळ्या सावरून बसल्या, आणि आवाज चढलाही.

"अन् तू! माहं घर तुह्या दारातून दिसते. संध्याकाळी मी बी एकटीच टीव्हीपुढं बसून राहते. तुले विलायतेचे साधू दिसले, मी काहून नाही दिसली?"